कडबा गल्लीचा रूळ

मी बोलतोय म्हणजे कुणीतरी मला ठोकलंय, एवढं समजून घ्या. आपणहून तोंड उघडायची सवय मला नाही, ती माणसांची. मी एक रुळाचा तुकडा. हातभर लांब, अंगानं जाड, एका टोकाला भोक. लातूरच्या गंजगोलाईमागं कडबा गल्ली आहे, तिथल्या चौकातल्या कडुलिंबाला मी तारेनं टांगलेला आहे.

माझं बालपण मुदखेड जंक्शनला गेलं. तेव्हा मी अख्खा रूळ होतो आणि इभ्रतीत होतो. माझ्या पाठीवरून गाड्याच्या गाड्या गेल्या. आत बसलेल्यांपैकी एकानंही कधी खिडकीतून वाकून माझी विचारपूस केली नाही. रूळ जागेवर नसला तरच माणसाला त्याची आठवण येते. पुढं रूळ बदलले, मला कापलं आणि एका भंगारवाल्यानं मला लातूरला आणून गंजक्या बादल्यांच्या ढिगात टाकलं. तिथं मी पडून होतो आणि इकडं लातूर जिल्हा झाला.

जिल्हा झाला तर लोखंडाच्या तुकड्याचं काय भलं झालं, असं तुम्ही विचाराल. सांगतो. जिल्हा झाल्याबरोबर साहेब आले, कचेऱ्या आल्या, कारकून आले, खोल्यांना गिऱ्हाइकं आली. आपल्या गल्लीत अनोळखी माणूस येऊ शकतो, हे कडबा गल्लीला पहिल्यांदाच कळलं आणि ती घाबरली. त्यातच वीरण्णाच्या ओट्यावरची पितळी घागर नाहीशी झाली. वीरण्णाचं किराणा दुकान होतं, पण तिथं माल कमी आणि बातम्या जास्त मिळत. दिवस मावळेपर्यंत त्यानं त्या एका घागरीमागं चोरांची अख्खी टोळी उभी केली. पुढं ती घागर त्याच्याच मेहुण्याकडं सापडली, पण तोवर गल्लीची सुरक्षा समिती स्थापन झाली होती. आणि स्थापन झालेली समिती मोडायची रीत आपल्याकडं नाही.

समितीचे अध्यक्ष महादेवप्पा. आडतीचं दुकान आणि गल्लीतलं सगळ्यात मोठं घर त्यांचं, त्यामुळे निवडणुकीची तसदी कुणी घेतली नाही. त्यांनीच मला भंगारातून उचलून आणलं, कडुलिंबाला टांगलं, माझ्या अंगावर विभूतीची बोटं ओढली, नारळ फोडला आणि भाषण केलं. "आपली गल्ली म्हणजे एक घर हाय. एकाच्या पायात काटा मोडला, तर सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे." टाळ्या पडल्या. मग नियम ठरला. मला थांबून थांबून ठोकलं तर बैठक, घाईघाईनं ठोकलं तर संकट. संकटाचा आवाज झाला की ज्यानं त्यानं हाताला लागेल ते घेऊन धावायचं.

पहिलं संकट महादेवप्पांचे जावई निघाले. ते न कळवता आले आणि दाराला कडी होती म्हणून भिंतीवरून उतरले. गल्लीनं त्यांचा बऱ्यापैकी समाचार घेतला. त्यानंतर समितीनं स्वतःचंच अभिनंदन करणारा ठराव केला आणि मी बरेच दिवस निवांत लोंबकळलो.

मग पाऊस पडायचाच राहिला. एक साल कोरडं गेलं, दुसरंही तसंच निघालं. नळ आधी खोकले, मग मुके झाले. चौकात टँकर यायला लागला. तो कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसे, म्हणून ज्याला तो आधी दिसेल त्यानं मला ठोकायचं असं आपोआप ठरलं. ठोकायचं अर्थातच घाईघाईनं. आवाज झाला की घराघरातून घागरी, हंडे, बादल्या बाहेर पडत आणि माझ्याखाली त्यांची रांग लागे. माणसानं उभं राहायची गरज नव्हती. घागर रांगेत ठेवली की नंबर लागला. मालक सावलीत बसून शेजाऱ्याची घागर पुढं सरकते का, तेवढं बघायचा. थोड्याच दिवसांत माझा दुसरा काही अर्थ होता हे गल्ली साफ विसरून गेली.

आता एक गंमत सांगतो. झाडावर टांगलेल्याला भिंतीपलीकडचं दिसतं. महादेवप्पांच्या अंगणात जमिनीखाली दगडी हौद होता, वर फरशी आणि फरशीवर तुरीची पोती. पाणी उतरलेल्या आडातला शेवटचा उपसा आणि अधूनमधून आडतीच्या बैलगाडीतून आलेल्या पिंपांतलं पाणी त्या हौदात जाई. वीरण्णाच्या दुकानामागं गोडेतेलाची म्हणून जी पिंपं होती, त्यांत तेल नव्हतं. पलंगाखाली, धान्याच्या कणगीत, देवघरात, सगळीकडं पाणी होतं. आणि चौकात जमलं की जो तो कपाळाला हात लावून म्हणे, "घरात थेंब न्हाई बघा." एवढी एकी मी गल्लीत दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाहिली नाही.

गल्लीच्या टोकाला, वळणापलीकडं, महादेवप्पांची एक पत्र्याची खोली होती. ती त्यांनी शेषेरावाला भाड्यानं दिली. शेषेराव नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई. त्याची बायको गयाबाई, म्हातारी आई सरजाबाई आणि एक तान्हं लेकरू. खोलीत बाबासाहेबांचा फोटो लागला आणि वीरण्णानं ती बातमी कुणी न विचारता ओट्यावरूनच गल्लीभर पोचवली. महादेवप्पांनी खोली काढून घेतली नाही. कचेरीतला माणूस हाताशी असावा, एवढे ते उदार होते.

गयाबाईला कुणी वाईट बोललं नाही. गल्ली सभ्य होती. फक्त तिची घागर रांगेत असली की तिच्यापुढं आणखी एक घागर यायची, मग आणखी एक. ती काही बोलली की उत्तर तयार असे. "बाई, तुमच्या सायबाच्या हापिसातूनच तर टँकर सुटतो. तुम्हाला काय कमी हाय?" तिच्या वाट्याला टाकीच्या बुडाचा गाळ येई. लेकराच्या अंगावर उन्हानं फोड उठले होते. एके दिवशी ती दारोदार गेली. "घागर नको, तांब्याभर द्या. लेकराचं अंग पुसून घ्याचं हाय." जिथं जिथं ती गेली, तिथं तिथं थेंब नव्हता. महादेवप्पांच्या दारात तर खुद्द अध्यक्षांनी सांगितलं, "असतं तर दिलं नसतं का?" मी वरून हौद बघत होतो. माझ्यात जीव असता तर मी त्या दिवशी तार तोडून खाली पडलो असतो, आणि कुठं पडायचं तेही मला माहीत होतं.

तेव्हापासून गयाबाई लेकरू सासूजवळ ठेवून लांबच्या हापशावर जाऊ लागली. भर दुपारी जायची, कारण तेव्हा तिथं गर्दी कमी असे.

अशाच एका दुपारी शेषेराव कचेरीत होता, गयाबाई हापशावर आणि सरजाबाई खोलीबाहेर सावलीला बसलेली. लेकरू आत झोपलेलं. खोलीला लागून कुणाच्या तरी कडब्याची गंज होती. ठिणगी बिडीची होती का विजेच्या तारेची, ते आजही कुणी सांगत नाही. कडबा पेटला आणि धूर खोलीच्या दारात शिरला. सरजाबाईला डोळ्यांनी अंधुक दिसे. तिनं दोनदा आत शिरायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा धुरानं बाहेर फेकली. मग ती भिंत चाचपत, ठेचकाळत चौकात आली आणि दोन्ही हातांनी दगड धरून तिनं मला ठोकलं. त्याआधी कुणी मला तसं ठोकलं नव्हतं.

गल्ली धावली. आमची गल्ली तशी तत्पर. सगळी दारं उघडली, सगळे धावले आणि प्रत्येकाच्या हातात एक रिकामी घागर होती.

वीरण्णानं वळणाकडं बघितलं. तिथं काळसर लोट उठत होते. "आला, आला! ती बघा टँकरची धूळ!" झालं. घागरी माझ्याखाली ओळीनं बसल्या. कुणाची आधी, कुणाची नंतर, यावर वाद पेटला. महादेवप्पा अध्यक्ष या नात्यानं नंबर लावायला लागले. सरजाबाई मधोमध उभी राहून ओरडत होती, "आग लागली व माय! लेकरू आत हाय!" पण तिचं ऐकायची गल्लीला सवय नव्हती. एक बाई तर तिला म्हणाली, "आजी, तुमची घागर कुठंय? न्हाई तर बाजूला व्हा, वाट अडवू नका."

सगळ्यांच्या शेवटी महादेवप्पांची आई शरणम्मा आली. गुडघे दुखायचे, म्हणून ती नेहमीच शेवटी पोचायची. तिनं सरजाबाईच्या तोंडाकडं बघितलं, मग वळणाकडं, आणि हातातली घागर रस्त्यावर आपटली.

"अय्यो, धूळ काळी असती का रे कुठं? कडबा जळायलाय!"

सगळ्यांनी रांगेतल्या घागरी उचलल्या. पुढच्या क्षणी सगळे धावले आणि पुन्हा थांबले. आगीसमोर अख्खी गल्ली उभी आणि हातात रिकामी भांडी. एकमेकांकडं बघणं चाललं होतं. घरात पाणी आहे हे ज्यानं त्यानं मनात मोजलं, पण पहिला कोण बोलणार? पहिला बोलेल तो इतके दिवस खोटं बोलला असं ठरणार. आत लेकरू रडायला लागलं होतं. बाहेर इभ्रतीचा प्रश्न होता.

"महादेवा, हौद उघड," शरणम्मा म्हणाली.

"अव्वा, हौद तर कोरडा हाय. तुला म्हाईत हाय की."

"कोरडा हाय? मग रोज सकाळी अंघोळ कशानं करायलास? भस्मानं?"

म्हातारी स्वतः लंगडत अंगणात गेली आणि तुरीच्या पोत्याला हात घातला. तिच्यानं ते हललं नाही. मग महादेवप्पांनी मान खाली घालून ते ओढलं. फरशी सरकली. दुपारचं ऊन हौदात पडलं आणि पाणी चमकलं. ते गल्लीनं बघितलं.

त्यानंतर मात्र कुणी कुणाकडं बघितलं नाही. घागरी हातोहात जायला लागल्या. वीरण्णाची तेलाची पिंपं निघाली, कणगीतले हंडे निघाले, देवघरातली झाकलेली घागर शरणम्मानं स्वतः आणून दिली. वीरण्णानं पोतं भिजवून डोक्यावर घेतलं आणि तो धुरात शिरला. जन्मभर दुसऱ्यांच्या घरातल्या बातम्या ओट्यावर बसून सांगणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवया जळाल्या होत्या आणि काखेत लेकरू खोकत होतं. मी लोखंडाचा आहे, पण सांगतो, मला तेव्हा फार बरं वाटलं.

गयाबाई आली तेव्हा आग विझली होती. डोक्यावर अर्धी घागर. पाण्याचा लोट वळणावरून वाहत गटारात चालला होता, त्यातून ती अनवाणी चालत आली. शरणम्माच्या मांडीवर लेकरू होतं आणि म्हातारी आपल्या घरचं पाणी हातानं घेऊन त्याच्या अंगावरची काजळी धूत होती. गयाबाईनं लेकराला हात लावून बघितलं, सासूला बघितलं. मग ती ओल्या रस्त्याकडं बघत राहिली.

"एवढं पानी," ती म्हणाली. "एवढं पानी कुठं होतं व?"

 

त्या रात्री शेषेरावाचं बिऱ्हाड महादेवप्पांच्या घरातल्या तुरीच्या खोलीत राहिलं. महादेवप्पांची इच्छा होती असं मी म्हणणार नाही. शरणम्मानं विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुणाच्याही घरात खरोखरच थेंब नव्हता, आणि तेवढ्यात टँकर आला. घागरींची रांग लागली. गयाबाई आली आणि सवयीनं सगळ्यांच्या मागं उभी राहिली. "पुढं या की बाई," दोघी-तिघी म्हणाल्या. ती हलली नाही. "मी बरी हाय हितं," म्हणाली.

तेव्हा शरणम्मानं रांगेच्या तोंडाशी ठेवलेली आपली घागर उचलली, लंगडत मागं गेली आणि गयाबाईच्या मागं जाऊन उभी राहिली. आई मागं गेल्यावर महादेवप्पांना पुढं राहता येईना. तेही पुटपुटत मागं गेले. अध्यक्ष मागं गेल्यावर बाकीच्यांना लाज वाटली का भीती, ते मला वरून दिसलं नाही, पण एकेक घागर उचलून सगळेच मागं गेले. टँकरवाला पाईप हातात धरून ओरडत होता, "अहो, रांग कुठून सुरू होते ते तरी सांगा!" रांग गयाबाईपासून सुरू होत होती. त्या दिवशी तिला गाळ मिळाला नाही.

समितीनं पुढं महादेवप्पांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, 'संकटसमयी स्वतःचा हौद गल्लीसाठी खुला केल्याबद्दल'. वीरण्णाच्या भुवयांचा कुणी उल्लेख केला नाही आणि गयाबाईला बोलवायचं राहून गेलं. पण रांग तशीच लागत राहिली, पाऊस पडेपर्यंत. नंतर शेषेरावाची बदली अहमदपूरला झाली. निघताना गयाबाई शरणम्माच्या पाया पडली आणि दोघी बराच वेळ ओट्यावर बसल्या.

आता घरोघर नळ आहेत, नळाला मोटारी आहेत, दारावर कॅमेरे आहेत. गल्लीची समिती मोबाईलमध्ये भरते. रोज सकाळी फुलांची चित्रं जातात आणि 'सावधान, गल्लीत अनोळखी इसम फिरतोय' अशी बातमी जाते. तो इसम बहुतेक कुणाचा तरी जावई असतो. माझ्या तारेला कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे, ती बांधताना मला ठोका बसला, म्हणून एवढं बोलतोय. झाडाची साल माझ्या अंगावरून वाढत चालली आहे, आणखी काही वर्षांनी मी दिसणारही नाही.

माझी तक्रार नाही. एवढंच मागतो. कधीतरी वीज जाईल, मोबाईल बंद पडतील आणि कुणीतरी अंधुक डोळ्यांची म्हातारी दगड घेऊन मला ठोकेल. तेव्हा धूळ आहे का धूर, याची चर्चा मागाहून करा. घागर घेऊनच धावा, ती तुमची सवय चांगली आहे. फक्त घरातून निघताना ती भरून घ्या.