गिअरबॉक्स उतरवताना

"हातात धरून तर बघा, ताई," चीफ म्हणाला आणि त्याने नव्या गिअरबॉक्सचं एक जादा, रिकामं कवच तिच्यासमोर ठेवलं.

तिने ते उचललं. अंदाज चुकला आणि हात उगाच वर गेला, इतकं ते हलकं होतं.

"काहीच नाही यात," ती म्हणाली.

"याला दात यायचेत अजून. बाळाला येतात तसे."

ती हसली नाही. शर्यतीच्या टीमचा हा चीफ इंजिनिअर तिच्याच हाताखाली शिकून वर चढला होता. वाईट बातमी सांगायची असली की तो आधी विनोद करतो, हे ती ओळखून होती.

"म्हणजे ठरलं?"

"ठरलं. शर्यतीच्या गाडीत हाच बसणार. तुमचा वजनात मार खातोय. आणि हा चटकन सुटतो. शर्यतीच्या चोवीस तासांत गिअरचा एखादा दात गेलाच, तर पिटमध्ये, दुरुस्तीच्या थांब्यावर बदलायचा आणि गाडी परत रस्त्यावर."

"माझ्या गिअरबॉक्सचा दात जाणारच नाही, त्याचं काय?"

"नाही जाणार, मलाही माहितीये. पण त्यापायी गाडीनं प्रत्येक फेरीला ते ओझं वाहायचं, ताई."

त्याचं चुकत नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

फार वर्षांपूर्वी त्यांची गाडी शर्यत संपत आलेली असताना वाटेतच उभी राहिली होती. तिने आखलेल्या गिअरबॉक्समधला एक दात तुटला होता. तिला कोणी शब्दानेही बोललं नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक गाडीत तिने दात थोडे जाड केले, मग दांडे, मग कवच. पुन्हा काही तुटलं नाही. गिअरबॉक्सचा विषयच लोक विसरले आणि तिला त्यातच समाधान वाटायचं. या गाडीनंतर ती निवृत्त होणार होती. आपला शेवटचा गिअरबॉक्स शर्यत पुरी करताना बघावा, एवढंच तिने मनात धरलं होतं.

चाचणीच्या खोलीत तिचा गिअरबॉक्स स्टँडवर गरगरत होता. शेजारी मिस्त्री कानात कापूस घालून चहा पीत बसला होता.

"काय म्हणाले जावईबापू?" त्याने विचारलं. चीफचे सगळे लाड पुरवावे लागतात म्हणून त्याने हे नाव पाडलं होतं.

"नाही म्हणाले."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "मग बंद करू?"

"राहू दे जरा."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "काय म्हणते माझी सवत?" गिअरबॉक्सला तो पहिल्यापासून सवतच म्हणायचा.

"तिला घरी बसवली."

"बरं. मग तू तरी लवकर ये. भाजी चिरून ठेवलीय." आणि मग हळूच, "रडतेयस का?"

"नाही. पाय दुखतायत."

फोन ठेवला तर दारात चीफ उभा. "ताई, स्टँड लागेल. नवा जोडून तयार आहे, तो चढवायचाय. त्याची चाचणी दुसऱ्या कुणाला देऊ का? तुम्हाला नको वाटेल."

"का? माझ्या हातांना काय झालंय?"

तो मान हलवून निघून गेला.

तिने मोटर एकदम बंद केली नाही. वेग हळूहळू उतरवत आणला. सगळं थांबल्यावर दोघांनी तेल काढलं, बोल्ट सोडले आणि गिअरबॉक्स साखळीने उचलून ढकलगाडीवर ठेवला. नवा चढवायला साखळी लागलीच नाही.

मिस्त्री स्टँडवरचं भार कमी-जास्त करायचं चाक पुसत म्हणाला, "बाई, एक सांगू? हे थोडं जास्त फिरवा. पापडासारखा मोडेल. मग झक मारत तुमचाच बसवतील. कोण बघायला येतंय?"

ती त्या चाकाकडे बघत राहिली. मिस्त्री चेष्टा करत नव्हता.

"आणि शर्यतीत गाडी मागे पडली तर?"

"पडू दे. गाडीत तुमचाच असेल ना."

तिने चाक हातात घेतलं. शर्यतीत जेवढा भार येतो तेवढ्यावर आणून सोडलं आणि मोटर सुरू केली. नव्या गिअरबॉक्सचा आवाज बारीक होता, कानाला टोचणारा, पण एकसारखा. ती बराच वेळ ऐकत उभी राहिली. कुठे काही खटकेना.

"चांगला आहे मेला," ती म्हणाली.

मिस्त्रीने फडकं खिशात कोंबलं.

मग ती ढकलगाडीपाशी आली. जुना अजून गरम होता. तिने हातमोजे घातले आणि कपाटातून रबरी बुचं आणली. आत धूळ जाऊ नये म्हणून एकेका भोकाला ती बसवू लागली.

"आता कोण वापरणारे तो?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणून काय उघडा टाकायचा?"

शेवटचं बूच नीट बसेना. तिने ते काढलं, कडा पुसली आणि अंगठ्याने दाबून पुन्हा बसवलं.