एक पातं जास्त

चकती फुटली तेव्हा मला बरंच वाटलं. आमचं कामच ते. विमानाच्या इंजिनातली पात्यांची चकती जमिनीखालच्या पोलादी पिटमध्ये फुटेपर्यंत फिरवायची, मग तुकडे टेबलावर जुळवून पहिली चीर कुठे गेली ते शोधायचं. कुठे किती ताण येईल याचं गणित माझं, आणि चकती त्याबरहुकूमच फुटली होती. साहेबांनी चक्क शाबासकी दिली, म्हणजे सूर्य पश्चिमेलाच उगवला.

तुकडे जुळवणारे मिस्त्री मात्र पुन्हा पुन्हा पाती मोजत होते. चकती पुरी जुळली, सगळी पाती जागच्या जागी, आणि त्यांच्या हातात एक उरलं होतं, बुडाशी तुटलेलं. मागच्या चाचणीतलं असेल, मी म्हटलं. त्यांनी बुडाचा नंबर दाखवला. कॉम्प्युटरवर पाहिलं, तर ते पातं एका चालू इंजिनात बसलेलं. ते इंजिन ज्या विमानाच्या शेपटीला, त्यात माझी ताई प्रवाशांची सरबराई करते. उडताना तिची घडीची खुर्ची अगदी मागे, इंजिनाला खेटून असते.

पात्याच्या कडेला निळी चिंधी अडकली होती, हिरव्या दोऱ्याने शिवलेली. ताईच्या गणवेशाच्या स्कार्फची कड मीच शिवली होती. निळा दोरा संपला म्हणून हिरवा वापरला, त्यावरून ती अजून टोमणे मारते.

हे सांगितलं असतं तर मला वेड्यातच काढलं असतं. मी साहेबांना म्हटलं, "माझं गणित चुकलंय. अशीच चकती ताईच्या विमानात आहे, ते विमान थांबवा." आजच तर तुझं गणित खरं ठरलं, असं ते म्हणाले.

"नोकरी गेली तरी चालेल. विमान उडता कामा नये."

विमान थांबलं. इंजिनात दुर्बीण घालून पाहिलं, तर त्याच पात्याच्या बुडाशी केसाएवढी चीर. मी गणित पुन्हा तपासलं. त्यात चूक नव्हतीच. टेबलावरचं जास्तीचं पातं मात्र चिंधीसकट नाहीसं झालं होतं. मिस्त्री म्हणाले, आता तोंडाला कुलूप.

संध्याकाळी ताई तणतणत घरी आली. उड्डाण रद्द, प्रवाशांची बोलणी, आणि वर माझ्या शिवणकामाचा उद्धार.

"बघ तुझी शिवण," म्हणत तिने स्कार्फ माझ्या मांडीवर टाकला.

गळ्याशी येणारा कोपरा गेला होता. उसवला नव्हता, सरळ कापला होता. मला रडू आवरेना.

"अगं, रडतेस काय?" ताई म्हणाली. "स्कार्फच तर आहे."