पाच एकरांची मुदतवाढ

"बोलायचं नाही हे कळलं, पण खोकायचं तरी की नाही? का तेही टिपणात लिहाल?"

मागच्या बाकावरून ऑर्विल कुरकुरला. त्याचा गुडघा डार्लाच्या पर्सला टेकला होता, आणि डार्लाची पर्स म्हणजे अर्धं घरच. गाडी काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची. एरवी ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेई-आणी. महिन्यातून एकदा मात्र तिच्यात नियोजन मंडळ बसे आणि ज्या जमिनीचा अर्ज असेल ती जमीन डोळ्यांनी बघून येई.

"खोका हो, खुशाल खोका," डार्ला म्हणाली. "फक्त अर्जाबद्दल खोकू नका."

नियमच तसा होता. मंडळ पाच जणांचं. त्यातले तिघे एका जागी जमून कामाचं बोलले की ती सभा झाली, आणि सभा म्हटली की ती जाहीरच हवी, बंद गाडीत नव्हे. म्हणून जाताना-येताना ही पाच माणसं हवामानाबद्दल बोलत, कुणाचा मका किती ओला निघाला ते बोलत, आणि जे डोक्यात असे ते सोडून सगळं बोलत. एकोणीस वर्षं अध्यक्ष असलेल्या लोवेल स्कोगनला आता ही सवयच जडली होती. बायको गेल्यानंतर तर फारच.

"लोवेल, केस कापलेस वाटतं," डार्ला म्हणाली. "म्हणजे ऑक्टोबर आला."

"केसांचा आणि महिन्याचा काय संबंध?"

"मी कुठं काय म्हटलं? मी आपलं हवामानाबद्दल बोलतेय."

ऑर्विल खिदळला आणि मग खरोखरच खोकला. पुढे गाडी चालवणारी टेसा आरशातून बघत राहिली. ती काउंटीची नवी जमीन-अधिकारी, चाळिशीची, मिनीॲपोलिसहून आलेली. या लोकांच्या न बोलण्यात किती बोलणं असतं, ते तिला अजून उमगायचं होतं.

लोवेल खिडकीबाहेर पाहू लागला. कापणी झालेल्या शेतांतून रस्ता सरळ रेषेत जात होता. रस्टाडांचं शेत आलं की डावीकडे आधी झाडं दिसत, हे त्याला पाठ होतं.

अर्ज म्हटला तर साधा होता. अल्विना रस्टाडच्या चाळीस एकरांतून पाच एकरांचा तुकडा वेगळा पाडायचा. पाच वर्षांपूर्वी वसंतात तिचा नवरा मिल्टन गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचं सँडविच खाता खाता मुलगा, केंट, सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, मी परत येतो. त्या कोपऱ्यात घर बांधतो." लोकांना बरं वाटलं. ऑक्टोबरात अल्विनानं अर्ज केला, मंडळानं मंजूर केला. अट एकच, वर्षभरात बांधकाम सुरू व्हायला हवं. नाही झालं तर योग्य कारण दाखवून मुदतवाढ घ्यायची. केंट पश्चिम किनाऱ्यावर टकोमाला जहाजांच्या कारखान्यात होता. पहिल्या वर्षी मुलीची शाळा आडवी आली, दुसऱ्या वर्षी बढती. तिसऱ्या वर्षापासून कुणी विचारलं नाही. दर ऑक्टोबरात अल्विना यायची, कारणाच्या रकान्यात "कौटुंबिक" असं लिहिलं जायचं, पाच हात वर व्हायचे.

या खेपेला मात्र गोष्ट निराळी होती. जानेवारीपासून नवा नियम लागू होणार होता: चाळीस एकरांत एकच घर. अल्विनाच्या चाळिसात तिचं राहतं घर होतंच. आज मुदतवाढ मिळाली नाही, तर त्या कोपऱ्यात दुसरं घर उठणं कायमचं संपलं.

गाडी थांबली. अल्विना मिल्टनचा कोट घालून, बाह्या दुमडून उभी होती. कुंपणाच्या खांबावर पत्र्याचा डबा, वर स्वच्छ फडकं.

"भोपळ्याच्या वड्या आहेत," ती म्हणाली. "ठाऊक आहे, अर्जदाराचं खायचं नाही तुम्हाला. मी आपल्या खांबासाठी केल्यात."

"खांब खायला लागला तर मला कळव," ऑर्विल म्हणाला. वास घेता यावा म्हणून तो डब्याच्या जितक्या जवळ जाता येईल तितक्या जवळ उभा राहिला. वासाला नियम नव्हता.

तुकड्याच्या चार कोपऱ्यांना चार खुंट होते, प्रत्येकावर नारिंगी फीत. पाच हिवाळे काढलेली फीत अशी लखलखत नाही. जमीन गोठली की खुंट वर ढकलले जातात, ही बाई दर वसंतात ते पुन्हा ठोकते आणि नवी फीत बांधते, हे न सांगता कळत होतं. डार्लानं ते पाहिलं आणि घाईघाईनं रस्त्याची रुंदी मोजायला टेप काढला. रस्ता पाच वर्षांत काही अरुंद झाला नव्हता.

"नैऋत्येच्या कोपऱ्यातला मोजणीचा लोखंडी गज सापडत नाहीये," अल्विना म्हणाली. "लोवेल, तुझा चष्मा नवा आहे. जरा येतोस?"

टेसाला गाडीजवळ फोन आला होता. ऑर्विलचा गुडघा नांगरटीत उतरणारा नव्हता. बाकीचे दोघे टेपचं दुसरं टोक धरून होते. लोवेल एकटाच तिच्या मागोमाग गेला.

या सपाट मुलखात घराआधी झाडं लावतात. उत्तरेला आणि पश्चिमेला स्प्रूसच्या तीन-तीन ओळी, वारा अडवायला. झाडं वाढायला वेळ लागतो आणि वारा काही कुणासाठी थांबत नाही, म्हणून शहाणी माणसं आधी आडोसा उभा करतात आणि मग चूल मांडतात. अल्विनानं मंजुरी मिळाल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात दोनशे रोपं लावली होती. आता ती छातीला लागत होती. त्यांच्या आत शिरताच पायाशी वारा थांबला. मिल्टनच्या कोटाचा घेर फडफडायचा राहिला. सगळीकडे वारा आणि इथं तेवढी शांतता, घराएवढीच, घर नसलेली.

"इथं स्वयंपाकघर," अल्विना म्हणाली. "खिडकी पूर्वेला. केंटची बायको म्हणाली होती, तिला भांडी घासताना ऊन हवं असतं."

"चांगली जागा आहे," लोवेल म्हणाला. एवढं तर तो कुठल्याही जागेबद्दल म्हणू शकत होता.

गज लगेच सापडला. गवताखाली होता, तिला सापडला नसता असा नव्हता. ती सरळ झाली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेलीच राहिली.

"लोवेल, एक विचारू?"

"विचार की."

"तो येईल असं वाटतं तुला?"

लोवेलला शाळेतली अल्विना आठवली. त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. गणित चुकलं की मान न वळवता वही मागे सरकवायची आणि म्हणायची, कुठं चुकलं ते सांग, उत्तर नको सांगू. आज ती उत्तर मागत होती. आणि उत्तर त्याला ठाऊक होतं. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. केंटनं एप्रिलमध्ये टकोमाला घर विकत घेतलं होतं. डार्लाच्या भाचीनं फोटो पाहिले होते, अंगणात झोपाळा होता. केशकर्तनालयात, धान्याच्या कोठारावर, चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीवर ही बातमी सहा महिने फिरत होती आणि अल्विना आत आली की तीच बातमी दाराआड उभी राहत होती.

"अर्जाबद्दल सभेबाहेर नाही बोलता येत मला, अल्विना."

"मी अर्जाबद्दल नाही विचारत."

"तरीपण. अर्जदाराशी एकट्यानं..."

"बरं बाबा," ती म्हणाली, आणि कोटावरचं गवताचं बी झटकत सरळ झाली. "बरं. तुझा नियम तुझ्यापाशी."

परतताना गाडीत लोवेल सोयाबीनच्या भावाबद्दल बोलला. इतका बोलला, की ऑर्विलनं विचारलं, "तू पेरलंयस का सोयाबीन? तुझं तर किराणा दुकान होतं."

सभा चारला, न्यायालयाच्या इमारतीच्या तळघरात. समोर झेंडा, लांब टेबल, पाच नावांच्या पाट्या, एक माईक आणि दिव्याचं घड्याळ. बोलणाऱ्याला तीन मिनिटं, हिरवा, पिवळा, लाल. पहिला विषय एका माणसाच्या कुत्र्यांच्या छपराचा होता. शेजाऱ्यांनी भुंकण्याच्या तारखा लिहून आणल्या होत्या. तो पुढच्या महिन्यावर ढकलला गेला. ते सगळे निघून गेले आणि खोलीत खुर्च्याच उरल्या, आणि दुसऱ्या रांगेत अल्विना. कोट काढून तिनं निळा स्वेटर घातला होता. दर ऑक्टोबरात हाच स्वेटर. लोवेलला तो ओळखीचा होता, वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासारखा. तो गेला की पुढचे अकरा महिने कुत्री, खडीच्या खाणी आणि लोकांच्या गटारांचे तंटे.

टेसानं अहवाल वाचला. आसपासच्या जमीनमालकांना पत्रं गेली होती, एकाचंच उत्तर आलं होतं. "'हरकत नाही. झाडं छान वाढलीत.' एवढंच लिहिलंय." ती थांबली. "एक अडचण आहे. काउंटीच्या वकिलांचं म्हणणं, कारण स्पष्ट लिहायला हवं. चार वर्षं नुसतं 'कौटुंबिक' लिहिलंय. नवा नियम येतोय, उद्या कुणी प्रश्न केला तर हे टिकणार नाही."

"विहीर खोदणाऱ्यांकडे फार गर्दी आहे," डार्ला लगेच म्हणाली. "माझ्या जावेला आठ महिने थांबावं लागलं. लिहा, विहिरीमुळे विलंब."

"जमीन लवकर गोठते," ऑर्विल म्हणाला. "पाया खणता येत नाही."

"पाच वर्षं गोठलेली होती?" टेसानं विचारलं.

"तुम्ही इथं नव्हतात, बाई. वाईट हिवाळे झाले."

"लाकडाचे भाव," कुणीतरी सुचवलं. मग सुतार मिळत नाहीत, रस्त्याला पूर येतो, असं एकेक निघालं. नदी तिथून नऊ मैलांवर होती, पण कुणी हरकत घेतली नाही. सगळे असे हिरिरीनं कारणं शोधत होते, जणू वर्गातल्या एखाद्या लाडक्या पोरीचा गृहपाठ चुकलाय आणि बाई यायच्या आत तो पूर्ण करायचाय. अल्विना माईकपाशी उभी राहून ऐकत होती. हिरवा दिवा जळत होता. तिची तीन मिनिटं मंडळच वापरत होतं.

"विहीर लिहू या," लोवेल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "विहिरीचं टिकेल. सूचक कोण?"

"मी," डार्ला.

"अनुमोदन," ऑर्विल.

"अध्यक्ष महाशय," टेसा म्हणाली, "मतदानाआधी एक राहिलं. तुमचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत."

सगळ्यांनी लोवेलकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत तो हा प्रश्न एकदाही विसरला नव्हता. छपराच्या अर्जालाही मघाशी त्यानं तो विचारला होता. कागदावर छापलेला होता, त्याच्या अंगठ्याखाली.

"मंडळाच्या कुणा सदस्याचं," तो वाचू लागला, "या अर्जाबाबत अर्जदाराशी सभेबाहेर काही बोलणं झालं असल्यास..." आणि थांबला. कागद खाली ठेवून त्यानं स्वतःच हात वर केला. ऑर्विलच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

"आज दुपारी. जागेवर. झाडांत."

"काय बोलणं झालं, ते नोंदवावं लागेल," टेसा हळूच म्हणाली. तिलाही आता काहीतरी कळू लागलं होतं आणि आपण हे का काढलं असं वाटू लागलं होतं.

"अर्जदारानं एक प्रश्न विचारला."

"आणि तुम्ही?"

"उत्तर दिलं नाही. सांगितलं, सभेबाहेर बोलता येत नाही."

डार्लाची पेन्सिल कागदावर थबकली. अल्विनानं माईक थोडा खाली ओढला. तो नेहमी उंच माणसांसाठी लावलेला असे.

"आता तर सभेत आहोत," ती म्हणाली.

"अल्विना, विहिरीचं होऊन जाईल," डार्ला म्हणाली. "मतं आहेत तुझ्याकडे. कशाला उगाच..."

"ठाऊक आहे मला, मतं आहेत. पाच वर्षं तुम्ही हात वर करताय, मी घरी जाऊन खुंट ठोकतेय. दर रविवारी त्याचा फोन येतो, मी विचारत नाही, तो सांगत नाही. तुम्हीही सांगत नाही. चर्चमध्ये मी शिरले की कॉफीची सगळ्यांनाच घाई होते." तिचा आवाज चढला नाही. दिवा पिवळा झाला. "मी तुला सोपंच विचारलं होतं, लोवेल. माझी दोन मिनिटं गेली, एक उरलंय. ते तुला देते."

ती बोलायची थांबली तरी माईक धरून उभीच होती. विहीर लिहिली तर पुढच्या ऑक्टोबरात ती पुन्हा येणार होती. निळा स्वेटर घालून, खांबासाठी वड्या करून, आणि तो पुन्हा आदल्या दिवशी केस कापून घेणार होता. त्याला फक्त "मतदानाला घेऊ या" एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द त्याच्या जिभेवर होते, वर्षानुवर्षांच्या सवयीनं गुळगुळीत झालेले.

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा जरा पुसट झाला, आणि तेवढ्यानंच त्याला बोलता आलं.

"नाही, अल्विना. केंट यायचा नाही."