काठोकाठ

"मूठ घट्ट आवळा चाचा, मनगट वर उचला. मी खाली दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका," डॉक्टर म्हणाला.

म्हाताऱ्या शतैवीने मूठ आवळली. डॉक्टरने जोर लावताच डाव्या कोपराच्या बाहेरच्या हाडातून कळ निघाली, ती थेट मस्तकात गेली. पण म्हातारा कसला वस्ताद! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही त्याच्या. "काही नाही," म्हणाला.

मग डॉक्टरने मधलं बोट दाबून पाहिलं, हाडावर अंगठा रोवला, कोपर वाकवून सरळ केलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर. समोर गालिच्यांवर पाहुणे बसलेले. त्यांच्यादेखत दुखतं म्हणणं म्हणजे आपणच आपल्या पोटावर पाय देणं. आणि पोटाचं तरी काय एवढं? एकटा जीव, भाकरी कुठेही मिळाली असती. पण शेखच्या या बैठकीत कॉफी ओतणारा म्हणूनच तर सगळं वाळवंट त्याला ओळखत होतं. डाव्या हातात पितळी किटली, उजव्या हातात पेले, असा जन्म गेला. थोरला शेख वारला, मुलगा फव्वाज गादीवर बसला, आणि गेल्या शुक्रवारी शतैवीच्या हातून एका पाहुण्याच्या शुभ्र झग्यावर कॉफी सांडली. तेव्हापासून फव्वाज ओतणाऱ्याऐवजी थर्मास ठेवायच्या गोष्टी करू लागला होता. आज जेवायला आलेल्या डॉक्टरपुढे त्यानेच म्हाताऱ्याला बसवलं होतं.

डॉक्टर समुद्रापलीकडच्या शहरातला, मनाने चांगला. म्हातारा लपवतोय हे त्याने ओळखलं. एक सोपी परीक्षा राहिली म्हणत त्याने स्वतःच किटली उचलली, एक पेला काठोकाठ भरला आणि शतैवीपुढे ठेवला. "हात सरळ ठेवून डाव्या हाताने उचला. या दुखण्यात भरला पेलाच उचलवत नाही."

गालिच्यांवरचे पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. तिथे कॉफी ओततात ती तळाशी घोटभर. माणसाने पुन्हा मागावी, आणखी बसावं म्हणून. काठोकाठ भरून देतात ती फक्त नकोशा माणसाला. पी आणि चालता हो, एवढाच तिचा अर्थ. परक्या डॉक्टरला बिचाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार?

फव्वाजला मात्र ठाऊक होतं. याच शतैवीच्या मांडीवर बसून त्याने आयुष्यातली पहिली कॉफी चाटली होती. अहो डॉक्टर, थोडी कमी करा, एवढं जरी तो हसत म्हणाला असता तरी भागलं असतं. शतैवीने त्याच्याकडे पाहिलं. चांगली वाट पाहिली. फव्वाज खाली मान घालून माळेचे मणी ओढत राहिला.

शतैवीने पेला उचलला. पेला हिंदकळला, कढत कॉफी बोटांवरून ओघळली. मग पेला उजव्या हातात घेऊन तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

"दुखलं?" डॉक्टरने विचारलं.

"दुखलं, साहेब. फार दुखलं."

डॉक्टरचा चेहरा खुलला. हाडाला धरून असलेला स्नायू दुखावलाय, घाबरायचं कारण नाही, हाताला आराम दिला की बरं वाटेल, असं तो समजावू लागला.

"ऐकलंत ना चाचा?" फव्वाज म्हणाला. "आता आराम करा."

शतैवी उठला. दाराशी वाकून त्याने चपला घातल्या आणि वळून बैठकीला सलाम केला.

"सदा नांदो हे घर," तो म्हणाला. कॉफी पिऊन निघताना पाहुणे म्हणतात तसं.