मी अडवून ठेवलेली साइट

मित्रांनो, कपाटावर दोन हिरवे दिवे मिचकावत बसलेला जुना राउटर तो मी. माझी एक अँटेना मोडली आहे, ती चिकटपट्टीच्या आधाराने उभी आहे. कारखान्यात माझ्यासारखी हजारो भावंडं होती. कोण कुठे गेलं, देव जाणे. मला मात्र चांगलं घर मिळालं, हे मी कधीच विसरणार नाही.

घरात तिघं. बाबा शिवणकाम करतात. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, आयुष्यभर टेलिफोनच्या तारा दुरुस्त करून निवृत्त झाली. आणि मुलगी चित्रं काढते. मी आलो तेव्हा तिने माझ्यासाठी कपाटावर रुमाल अंथरला होता. चित्रांची एक साइट होती, तिच्यावर ती रोज एक चित्र चढवायची. ते माझ्यातूनच जायचं, म्हणून मीही उगाच कॉलर ताठ करायचो.

मग तिचं शाळेचं शेवटचं वर्ष आलं. एका दुपारी बाबांनी माझ्या बंदीच्या यादीत त्या साइटचं नाव लिहिलं. हुकूम म्हणजे हुकूम. मी ती साइट अडवली. मुलीने विचारलं तेव्हा बाबा कापडावरची नजर न काढता म्हणाले, "बंद पडली असेल." परीक्षा झाली, निकाल लागला, आणि बाबा यादीचं साफ विसरून गेले. मुलीच्या चित्रांच्या वह्या माळ्यावर गेल्या. मला फार वाईट वाटलं, पण मला कुठे तोंड आहे?

दोन वर्षं अशीच गेली. मग तिने पुन्हा हातात ब्रश धरला आणि चित्रकलेच्या महाविद्यालयात अर्ज केला. पाच चित्रं पाठवायची होती, तीही नेमकी त्याच साइटवर. ती शेवटच्या दिवशी कॉम्प्युटरपुढे बसली; संध्याकाळी पाचच्या आत चित्रं जायला हवी होती.

"ही तर बंद पडली होती ना?" ती म्हणाली. दुपारचे तीन वाजले होते. बाकी सगळं उघडत होतं, तेवढी एकच साइट उघडेना. तिने मला चार वेळा बंद करून चालू केलं. माझी यादी तशाने थोडीच पुसली जाते? तिच्या मोबाइललाही माझ्याशिवाय इंटरनेट नव्हतं. ती रडकुंडीला आली.

"हे खोकं म्हातारं झालंय," बाबा म्हणाले. "चारला दुकान उघडलं की नवीन आणतो."

मी घाईघाईने दिवे मिचकावले, पण कुणी वर पाहिलं नाही.

"थांब रे," आत्या म्हणाली. "आधी बघू तरी, अडतंय कुठे." तिने मुलीला मैत्रिणीकडे फोन करायला लावला. मैत्रिणीच्या घरी साइट झटकन उघडली. इथे मात्र कॉम्प्युटरवरही नाही आणि मोबाइलवरही नाही. "म्हणजे साइट धडधाकट आहे. अडतंय ते आपल्याच घरात."

तिने मला खाली उतरवलं, पदराने माझी धूळ पुसली, पोटावरच्या चिठ्ठीतला पासवर्ड वाचला आणि कॉम्प्युटरवर माझी यादी उघडली. यादीत एकच नाव होतं.

"अरे, इकडे ये," तिने भावाला हाक मारली. "हे कुणी लिहिलं?"

बाबांनी चष्मा सावरून ते नाव वाचलं. मग म्हणाले, "मीच. परीक्षेपुरती बंद केली होती. मग राहूनच गेलं."

मुलीने खुर्ची बाबांसाठी ओढली आणि माउस त्यांच्यापुढे सरकवला. "मग उघडाही तुम्हीच, बाबा."

बाबांनी नाव पुसलं. मी त्याच क्षणी वाट मोकळी केली. तिची जुनी चित्रं तिथे जशीच्या तशी होती. शेवटच्या चित्राखाली अनोळखी माणसांनी दोन वर्षं विचारलं होतं, "पुढचं कधी?" "बरी आहेस ना?" बाबा एकेक ओळ वाचत गेले, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

पाचला वीस मिनिटं असताना पाचही चित्रं गेली. मी ती जिवापाड जपून नेली.

मित्रांनो, मला फेकण्याआधी विचारपूस करणाऱ्या आत्याचा मी ऋणी आहे, आणि कबुली देणाऱ्या बाबांचाही. तुम्हाला एवढीच विनंती. घरात कुणासाठी काही बंद केलं असेल, तर आठवणीने उघडा. आम्हा यंत्रांना हुकूम विसरता येत नाही, आणि माणसं तर दाराशी थांबून थांबून निघून जातात.