रस्त्याआधी आलेला सिग्नल

मित्रांनो, शाळेत जाताना ‘हा मेला कधी हिरवा होणार’ म्हणून तुम्ही ज्याच्यावर वैतागता, तो चौकातला जुना सिग्नल मीच. वैतागा बापडे. पहिली नऊ वर्षं माझ्यावर वैतागायलाही कोणी नव्हतं.

शहराचा मोठा आराखडा मंजूर झाला आणि त्याची पानं खात्याखात्यांत वाटली गेली. सिग्नलवाल्यांनी आपलं पान महिन्याभरात पुरं केलं. रस्तेवाल्यांचं कपाटातच राहिलं. त्यामुळे मी नवाकोरा, तीन डोळ्यांचा, ओसाड माळावर एकटा उभा. रस्ता नाही, गाडी नाही, तरी मन लावून लाल व्हायचो. खोटं नाही सांगत, चरायला येणारी एक म्हैस मला इतकी मानायला लागली, की लाल दिवा लागला की रवंथ थांबवायची आणि हिरव्यावर पुन्हा सुरू करायची. पण म्हशीशी गप्पा मारून मारून किती मारणार?

हाकेच्या अंतरावर शिवणकाम करणारी मावशी राहायची, तीही एकटीच. दारात मशीन मांडून बसायची. हिरव्यावर पाय चालवायची, लालावर सुईत दोरा ओवायची. “तुझ्यामुळे जरा शिस्त लागली हो मला,” म्हणायची. माझ्याकडे मान वर करून बघणारं माणूस तेवढं एकच.

आता एक गुपित. मला रोवताना नकाशातल्या खुणेच्या जागी कातळ लागला. दोन पहारी वाकल्या. तेव्हा मला बसवायला आलेल्या तारवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पंधरा पावलं सरकून, मावशीच्या घराच्या बाजूला, मऊ मातीत मला उभं केलं. “पंधरा पावलांनी कोणाचं काय बिघडतंय,” तो पुटपुटला. त्या दिवशी त्याला पाणी मावशीनेच दिलं होतं. पुढे दर महिन्याला तो माझे दिवे पुसायला यायचा, आणि तिच्या पायरीवर टेकल्याशिवाय जायचा नाही.

दहाव्या वर्षी रस्तेवाल्यांचं पान निघालं. साहेब आले, माणसं आली. मी हरखून गेलो. मग त्यांनी माझ्यापासून दोरी ताणली, आणि ती सरळ मावशीच्या मशीनवरून गेली.

“साहेब, कागदावर माझं घर रस्त्याबाहेर होतं,” मावशी म्हणाली. “कचेरीत जाऊन स्वतः बघून आलेय मी.”

“असेल हो. पण चौक सिग्नलपाशीच येणार ना? आता तो कुठे हलवत बसू?”

“तो काय तिथे उगवलाय? रोवलाच असेल ना कोणीतरी.”

तारवाला शिडीवर माझी काच पुसत होता. त्याचा हात थांबला.

“काय हो,” साहेबांनी खालून विचारलं, “तुम्हीच बसवलात ना हा? जागा बरोबर आहे?”

त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतोय.

“नकाशाप्रमाणेच आहे, साहेब,” तो म्हणाला, आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला.

मावशीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. निघाली त्या दिवशी खडी नुकती पसरली होती. हातगाडीवर मशीन आणि दोन गाठोडी. नेमका मी लाल होतो, म्हणून हातगाडीवाला थांबला.

मावशीने वर पाहिलं. “हो बाबा हिरवा. तुझ्यावर राग नाही माझा. तुला कुठे तोंड आहे?”

मी हिरवा झालो नाही. पावणेचार मिनिटं जीव खाऊन लाल राहिलो. त्याहून जास्त जमलं नाही.

बिघाड झाला म्हणून तारवाल्याला बोलावलं. त्याने पेटी उघडली, सगळ्या तारा तपासल्या, काहीच सापडलं नाही. पेटी बंद करून तो माझ्या खांबाला कपाळ टेकवून बराच वेळ उभा होता. पुढच्या महिन्यापासून दिवे पुसायला दुसराच माणूस येऊ लागला.

आता दिवसाला हजारो गाड्या थांबतात. सगळे माझ्याकडे बघतात, पण माझा लाल दिवा लवकर जावा म्हणून. इतक्या गर्दीत इतकं एकटं वाटेल, हे माळावर असताना मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच कोणी शहरं आखतील, कोणी खांब रोवतील. रेघ ओढण्याआधी तिथे कोण बसलंय ते जाऊन बघा. आणि कातळ लागून पंधरा पावलं सरकलातच, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. तेव्हा फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.