खाऱ्या हवेतले हातमशीन

मित्रांनो, मी शिवणाचे एक जुने हातमशीन आहे. माझे चाक आता फिरत नाही, पण सांगण्यासारखे अजून थोडे उरले आहे.

भट्टीतल्या ओतीव लोखंडातून माझा जन्म झाला. दोन घरे फिरून मी जुन्या बाजारात पडले होते, तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने उचलले. बाई आणि तिचा सुतार नवरा पोटासाठी परक्या मुलखात आलेले. त्यांची तिसऱ्या मजल्यावरची खोली लहान, पण कोरडी आणि उबदार होती. खिडकीशी माझे टेबल असे. बाईने माझ्यावर कोटांची अस्तरे बदलली, पडदे शिवले, मुलीचा गणवेश तीनदा उसवून वाढवला. दर शनिवारी ती मला तेल द्यायची. शेजारीण म्हणायची, "तुझी टीप म्हणजे आखलेली रेघ!" तेव्हा माझी छाती फुगायची.

बावीस वर्षे गेली. मुलगी तिथेच संसाराला लागली आणि सुताराने मायदेशी परतायचा हट्ट धरला. जन्मभर त्याने लोकांच्या घरांना दारे बसवली होती. आता त्याला घरच नको झाले होते. त्याने परस्पर एक शिडाची बोट घेऊन ठेवली. बाईला ते विमानतळावर कळले.

"मला विचारलंत का?" ती म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? मोकळी हवा, ना भिंत ना शेजारी. बघ तरी एकदा!"

बोटीत बाईला ताठ उभे राहता येईल अशी जागा एकच होती, जिन्याच्या पायथ्याची. बाकी सगळीकडे वाकून चालायचे, तरी कपाळावर टेंगूळ ठरलेले. घरसामानाबरोबर जहाजाने आलेल्या मला एका फळीला दोरीने बांधले. लाट आली की सुई कापड सोडून बाईच्या बोटात शिरायची. गादी दमट, मीठ दमट, काडेपेटी दमट. धक्क्यावर उतरले तरी बाईला जमीन हलतेय असे वाटे.

"तिथं बावीस वर्षं 'परत जाऊ, परत जाऊ' म्हणत काढली," ती एकदा म्हणाली, "आणि परत येऊन पाय टेकायला जमीन नाही."

"होईल गं सवय. तिथं नव्हती का झाली?"

बाई दमट गादी उन्हात टाकायला वर गेली.

खारी हवा माझ्या सांध्यांत शिरली. मशीनचे तेल संपले, तेव्हा सुताराने प्रेमानेच माझ्यात स्वयंपाकाचे तेल ओतले. ते आत चिकटले. मी करकरू लागले, टाके सोडू लागले.

एका दुपारी वाऱ्याने शीड फाटले. बाई म्हणाली, "मशीनचा भरवसा नाही. हातानं शिवते. दोन दिवस द्या."

"दोन दिवस? वारा काय आपल्यासाठी थांबणार आहे? चालव मशीन!"

तिने चालवले. मी जीव तोडून शिवले, पण मधले टाके पडलेच नाहीत. खोल पाण्यात ती शिवण उसवली. सैल झालेले शीड आडव्या दांड्यासकट फिरले आणि दांडा बाईच्या उजव्या खांद्यावर बसला. एका मासेमारी बोटीने त्यांना ओढून धक्क्याला आणले. हाड जुळले, पण हात खांद्याच्या वर जाईना. दवाखान्यातून परतताना सुतार एवढेच म्हणाला, "टीपच कच्ची होती."

पुढच्या आठवड्यात मुलगी आली आणि आईला घेऊन गेली. निघताना बाईने माझ्या चाकावर डावा हात ठेवला. मला विमानातून नेणे शक्य नव्हते; मी जड, आणि तिला आता माझा उपयोगही नव्हता.

सुतार आता बोट धक्क्यावरून सोडत नाही. रविवारी फोन येतो.

"मशीन चालतंय ना?" बाई विचारते.

"चालतंय की. कालच उशीचा अभ्रा शिवला," तो सांगतो आणि माझ्याकडे पाठ फिरवतो.

"तुम्ही कधी येताय?" असे ती आता विचारत नाही.

मित्रांनो, वस्तू काय, माणूस काय, मोडण्याआधी करकरतात. तेव्हाच कान द्या. माझी वेळ निघून गेली, सुताराचीही. तुमची तेवढी जाऊ देऊ नका.